पवन्याचा माळ

त्या दिवशी आम्ही माळ भाजला. माझा भाऊ बिरू थाळी वाजवत आगीच्या पुढे चालला होता. आग निम्म्या माळावर आली आणि थाळी थांबली.

एवढं लिहून मी वही मिटली होती. ती पुन्हा उघडायला पाच महिने गेले. पुढचं सांगायचं तर आधी आमचं घर सांगायला हवं, आणि घर सांगायला बसलं की मला उगीचच बरं वाटू लागतं. मग त्या दिवसाकडे यायला नको वाटतं. तरी घरापासूनच सुरुवात करते.

आमचं घर जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. दोन खोल्या, पुढे छपरी, आणि छपरीसमोर मेंढरांसाठी काटेरी फांद्यांचं कुंपण. आव्वा, म्हणजे आमची आई, पलीकडच्या कानडी गावातली. तिची माया मराठीत असायची आणि राग कानडीत, त्यामुळे आतून कानडी ऐकू आलं की मी आणि बिरू न बोलता बाहेर सटकायचो. पहाटे सगळ्यांत आधी कोकरांचा आवाज. रात्रभर आयांपासून वेगळी ठेवलेली कोकरं कुंपण उघडताच धावायची, आणि शंभर-सव्वाशे मेंढरांत प्रत्येकाला आपली आई नेमकी सापडायची. मागोमाग आव्वाच्या जात्याची घरघर. थंडीत न्याहारीला हुलग्याचं माडगं असे. हुलग्याच्या पिठाचं ते पातळ, ऊन पेय लसूण-मीठ घालून ती एका मोठ्या काशाच्या थाळीत ओतायची आणि मधोमध भाकरी कुस्करायची. बिरू आणि मी त्याच थाळीत जेवायचो. त्याची बाजू नेहमी आधी संपायची आणि मग त्याचं बोट हळूच माझ्या बाजूला यायचं. "हद्द वलांडली बघ यानं," मी ओरडायची. "मेंढरं कुठं हद्द मानत्यात व्हय गं?" असं तो म्हणायचा.

मात्र थंडीत तो घरी असायचा कुठे? हे माडगं मला आठवतंय ते अगदी लहानपणचं, तो बारा वर्षांचा होण्यापूर्वीचं. त्यानंतर दसरा झाला की तो आप्पांबरोबर, म्हणजे आमच्या वडिलांबरोबर, मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायचा. कृष्णाकाठची ओली रानं, कऱ्हाड, तिथून वर थेट कोयनेच्या घाटाखालपर्यंत. लोकांच्या शेतात मेंढरं बसवायची, त्या खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, आणि वळवाच्या सुमाराला परत यायचं. आठ महिने उघड्यावर. अंगावर एक घोंगडी, तीच अंथरूण आणि तीच पांघरूण. मी मात्र शाळेत जायची. घरातल्या एकाने शिकावं असं आप्पांनी ठरवलं होतं, आणि बिरूने पाटी चौथीतच ठेवून दिली होती. ती त्याने माझ्यासाठी ठेवली, असं कोणी कधी बोललं नाही. मला ते खूप उशिरा कळलं, आणि कळल्यावर मी त्याची परतफेड करायला गेले.

मेंढरं परत यायची ती माळासाठी. घरामागच्या चढावर आमच्या भावकीचा माळ होता, मुरमाचा, वर वीतभर माती. त्यावर पवना वाढायचा. पवना हे आमच्याकडचं जुनं गवत. गुडघ्याच्या खालीच राहतं, वाळलं की त्याला तांबूस झाक येते, आणि मेंढरं ते वाळलेलंही आवडीने खातात. त्याचे ठोंब एकमेकांना चिकटून नसतात, मधे हात-अर्धा हात मोकळी जागा सुटते. लहानपणी मला वाटायचं की ती जागा रिकामी आहे. पाऊस पडला की तीच जागा भरायची. विष्णुक्रांतेची निळी, टिकलीएवढी फुलं, जमिनीलगत पसरलेले शेंदाडाचे वेल, चंडोलाचं वाटीएवढं घरटं, शेणाची गोळी ढकलत निघालेले किडे. शेंदाडं आम्ही पिकायच्या आधीच खायचो आणि तोंड कडू करून घ्यायचो. आप्पा माळावर उभे राहिले की हातातली काठी जमिनीत रोवून वर हात ठेवायचे. पावसाळ्यात ती काठी सहज आत जायची. "जित्ती हाय," ते म्हणायचे. माती जिवंत आहे.

आता माळ भाजण्याबद्दल. मेंढरं परतली की मृगाच्या आधी आम्ही जुनं वाळलेलं गवत जाळायचो, म्हणजे पावसाने नवे कोंब वर यायचे. सकाळी, वारा पडलेला असताना, आप्पा खालच्या कडेला आग लावायचे. बाकीचे तरवडाच्या ओल्या फांद्या घेऊन दोन्ही अंगांना उभे राहायचे. आणि घरातला एक जण आगीच्या पुढे, न जळलेल्या गवतातून, थाळी वाजवत चालायचा. ससे, तितर, कासवं, जे काही गवतात असेल त्याने उठून निघून जावं म्हणून. आपण त्यांचं घर जाळतोय, तर निदान सांगून जाळायचं, असं आप्पा म्हणायचे. त्यांच्या वडिलांनी ते केलं होतं, मग आप्पांनी, आणि चौदाव्या वर्षापासून बिरूने. चालणारा घाई करायचा नाही. आग पाठीशी आली की तो वळायचा, धोतर वर खोचायचा आणि ज्वाळेवरून एक ढांग टाकून पलीकडच्या काळ्या, जळून झालेल्या जमिनीवर उभा राहायचा. तिथे आगीला खायला काही उरलेलं नसायचं. पवन्याची आग नडगीएवढी. बिरू ती ओलांडताना मुद्दाम हात जोडून नमस्कार करायचा आणि आव्वा लांबून कानडीत ओरडायची.

मी सांगलीला कॉलेजात गेले, वनस्पतिशास्त्र घेतलं आणि वसतिगृहात राहू लागले. मला पुस्तकांतून बाहेर यायला आवडायचं नाही. पण दर दिवाळीला घरी गेलं की बिरूची वळकटी कोपऱ्यातून गेलेली असायची, आणि आव्वा फराळाचा एक डबा वेगळा काढून, कोणाबरोबर पाठवता येईल का म्हणून एसटी स्टँडवर जाऊन बसायची. दोन वर्षं पाऊस झाला नाही. गावात टँकर येऊ लागला. त्या उन्हाळ्यात बिरू परत आला तेव्हा त्याच्या टाचांत बोट जाईल अशा भेगा होत्या. आव्वा त्यात मेण भरत होती आणि तो मला विचारत होता, "मास्तरीणबाई, तुमच्या बुकात असं गवात हाय का, जे खाऊन मेंढरं घरीच ऱ्हात्यात?"

तो चेष्टाच करत होता. मी मात्र खरंच शोधायला लागले. एका पुस्तिकेत परदेशातून आलेल्या एका गवताची माहिती मिळाली. पडीक जमिनीवर येतं, कमी पावसात वाढतं, चारा दुप्पट. आमच्या एका सरांच्या प्रयोगाच्या तुकड्यात ते लावलेलं होतं, माझ्या खांद्यापर्यंत उंच. मी बी मागितलं. सरांनी कागदाच्या पुडीत बांधून दिलं आणि ते हौसेने, चांगल्या मनाने दिलं. ज्या मुरमावर ते लावायचं त्यावर आधीच काही उगवतं का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण त्या वेळी पवना हे मला सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

आप्पांनी बी तळहातावर घेतलं, फुंकर मारली. हलकं, केसाळ बी होतं, उडून अंगणात पसरलं. "लय उडतंय हे," ते म्हणाले. "आपल्या माळाला काय झालंय?"

"आप्पा, टाकून बघूया की," बिरू म्हणाला. "सुली शिकल्याली हाय. तिला काय इनाकारन शिकवलीय व्हय?"

माझं नाव सुलोचना. सुली म्हणणारं आता कोणी उरलेलं नाही.

पुस्तिकेप्रमाणे आम्ही माळाच्या मधोमध जमीन उकरून पट्टे केले. उकरताना पवन्याचे ठोंब निघाले, ते बिरूने बांधावर टाकले. त्या वर्षी पाऊस बरा झाला आणि गवत कमरेला लागलं. गावातून लोक बघायला यायचे. त्याला 'सुलीचं गवात' असं नाव पडलं. मी सांगलीहून पत्र लिहिलं की दोन वर्षं माळ भाजू नका, बी नीट धरू दे. ते पत्र मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, बिरूला अडखळायला नको म्हणून एकेक अक्षर सुटं. त्यांनी दोन वर्षं माळ भाजला नाही.

दुसऱ्या वर्षी चारा इतका झाला की आप्पा एकटेच, थोडी मेंढरं घेऊन, जवळपास फिरून आले. बिरू घरी राहिला. बाराव्या वर्षानंतरचा त्याचा तो पहिला हिवाळा छपराखाली. मी नाताळच्या सुट्टीत गेले तर तो चुलीपुढे बसलेला, समोर ती काशाची थाळी, माडगं, आणि आव्वा त्याच्याकडे बघत भाकरी थापायची विसरलेली. भाकरी करपली. मी आयुष्यात पुष्कळ वाचलं, पण मी केलेल्या गोष्टीने एखादं घर असं उजळलेलं मी त्या एकदाच पाहिलं. म्हणून मला ते गवत नुसतं वाईट म्हणता येत नाही. त्याने जे कबूल केलं होतं ते एक हिवाळा पाळलं.

खुणा दिसत होत्या, आप्पांनी त्या वाचल्याही होत्या. कोवळं होतं तोवर मेंढरांनी ते गवत खाल्लं. जून झाल्यावर त्याच्या काड्या बोरूसारख्या टणक झाल्या आणि मेंढरं हुंगून पुढे जाऊ लागली. न खाल्लेलं तसंच उभं वाळलं, त्याच्यात मागच्या वर्षीचं वाळलेलं आडवं पडलं. बी उडून पट्ट्यांबाहेर गेलं. आप्पा मला एका संध्याकाळी माळावर घेऊन गेले. नव्या गवताचे ठोंब एकमेकांत गुंतले होते. खाली वाकून पाहिलं तर मधल्या जागेत ऊन पोचत नव्हतं. विष्णुक्रांता नव्हती, शेंदाडाचा वेल नव्हता. आप्पांनी काठी रोवली. ती टक् करून वाजली, आत गेली नाही. मग ते पवना होता तिथे चालत गेले आणि तिथे रोवली. ती गेली. दोन्हीकडे तोच पाऊस पडला होता.

"हे पानी नुसतं पितंय," ते म्हणाले. "खाली कुनाला ठिवत न्हाई."

मी त्यांना मुळांबद्दल काहीतरी समजावून सांगितलं. काय सांगितलं ते आठवत नाही, इंग्रजी शब्द होते एवढं आठवतं. आप्पांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. घरी आल्यावर बिरू म्हणाला, "आप्पा, औंदा भाजूया की. जळंल, मग कोवळं येतंय का बघू." त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

उन्हाळ्याची सुट्टी होती. सकाळ. वारा पडलेला. आव्वाने थाळी घासून पुसून बिरूच्या हातात दिली, कारण वाजवून आल्यावर त्याच थाळीत न्याहारी असायची. मी तरवडाची फांदी घेऊन डाव्या अंगाला उभी राहिले. आप्पांनी खालच्या कडेला पेटवलं. खाली पवनाच होता, आग चुरचुरत नडगीएवढी निघाली, आणि तिच्या पुढे खांद्यावर घोंगडी टाकून बिरू.

"उठा रं, उठा!" तो गवताला सांगत होता. "सशेराव, चला, बिऱ्हाड हलवा! मास्तरीणबाईचं लगीन हाय, समद्यास्नी आवतान!"

"तुझं कर आधी!" मी ओरडले.

"मला कोन पोरगी देतंय? मी तर आता घरी बसून खानारा!"

माझ्याशी बोललेलं हे त्याचं शेवटचं. एक ससा माझ्या पायाजवळून गेला. थाळी वाजत होती. मग आग नव्या गवताला भिडली आणि आवाज बदलला. घाटात चढणीला लागलेल्या ट्रकचा जसा आवाज येतो तसा. नडगीएवढी आग एका दमात माझ्या डोक्याच्या वर गेली. माझ्या हातातल्या फांदीची पानं आगीजवळ न जाताच वळली. वारा नव्हता. आग स्वतःचा वारा करत होती.

"बिरू, आडवा पळ!" आप्पा ओरडले. "आडवा! आडवा!"

त्याला आडवं पळता आलं असतं. डाव्या अंगाला मी होते, तीस-चाळीस पावलांवर. पण आगीपासून पळायचं नसतं, तिच्याकडे तोंड करून तिला ओलांडायचं असतं, पलीकडे जमीन जळून मोकळी झालेली असते, हे त्याच्या पायांना दहा वर्षं माहीत होतं. तो वळला. मला धुरातून त्याची पाठ दिसली, मग त्याचं धोतर वर खोचणं दिसलं. नेहमीसारखं, घाई न करता. त्याने ढांग टाकली असेल. पण ती आग एका ढांगेची नव्हती, दोन वर्षांच्या साठलेल्या गवताची होती, पाच-सहा माणसं एकामागे एक उभी राहावीत इतकी जाड. थाळी थांबली.

पुढचं मी लिहिणार नाही. घोंगडीचा बराच भाग शाबूत होता, लोकर सहज पेट घेत नाही. एवढंच.

गावातून माणसं आली, नंतर चौकशीला दोघे जण आले. आप्पा सगळ्यांना एकच सांगत राहिले, "वारं फिरलं." पाहुण्यांना, भावकीला, विचारेल त्याला. "सकाळी पडल्यालं हुतं, मदीच फिरलं. नशीब." मी शेजारी उभी असायची. माझ्याकडे न बघता ते सांगायचे. वारा फिरला नव्हता हे आम्हा दोघांना तरी पक्कं माहीत होतं. जन्मात खोटं न बोललेल्या माणसाने माझ्यासाठी मरेपर्यंत ते एक खोटं चालवलं आणि मी त्यांना ते चालवू दिलं. वहीत हे प्रथमच लिहिते आहे.

आव्वाने मात्र एकदा विचारलं. दिवस झाले होते, पावणेरावणे गेले होते. ती जात्यापाशी बसली होती, दळत नव्हती. "सुले, त्या गवताचं खरं नाव काय गं?" मी सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं, तिच्या जिभेला ते वळेना. मग म्हणाली, "त्यो मला म्हनला हुता. आव्वा, सुलीच्या गवतानं मला घरात निजवलं." त्यावर ती कानडीत काहीतरी बोलली. मला वाटलं आता ती रागावली, आणि मी वाटच बघत होते. पण ते रागाचं नव्हतं. तिच्या गावातल्या बायका लेकराला झोपवताना म्हणतात ते होतं.

पाऊस आला. माळ काळा होता. जिथे पवना जळला होता तिथे माती नेहमीसारखी ओली झाली. जिथे ती दुसरी आग जळली होती तिथली माती भाजलेल्या कौलासारखी झाली होती, पाणी तिच्यावर थांबेना. पहिल्याच मोठ्या सरीत राख आणि वरची वीतभर माती ओढ्याला गेली, मुरूम उघडा पडला. आणि आठ दिवसांत त्या मुरमातून, जळक्या ठोंबांच्या बुडातून, हिरवंगार फुटलं. ते माझं गवत होतं. पवन्याला यायला वेळ लागतो. तो येईपर्यंत जागा उरली नाही.

आप्पांनी मेंढरं कमी केली आणि कुदळ घेतली. रोज सकाळी न्याहारी झाली की ते माळावर जायचे आणि दुपारपर्यंत ते गवत मुळापासून काढायचे. एक ठोंब काढायला घाम निघायचा, आणि तोवर वाऱ्यावर बी उडालेलं असायचं. "आप्पा, हे संपणार नाही," मी एकदा म्हणाले. "संपवायला कोन चाललंय?" ते म्हणाले. "मला तिकडं बसवतंय, म्हनून जातो." गावाने पुन्हा कधी तो माळ भाजला नाही. थाळी वाजवायला कोणी उरलं नव्हतं, आणि चौकशीनंतर लोक घाबरलेही होते.

मी वनस्पतिशास्त्र सोडलं नाही. सोडणंच सोपं झालं असतं. मी ते शिकले आणि पुढे सांगलीत एका शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं. परदेशी गवतं इथल्या गवतांना कशी हटवतात, मातीतलं पाणी आधी कशी ओढतात, वाळून साठली की आग कशी मोठी करतात आणि त्या आगीनंतर आपणच आधी कशी उगवतात, हे आता पुस्तकांत सापडतं. मी ते वर्गात फळ्यावर लिहायची. मुलं उतरवून घ्यायची. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, हे आधी कोणाला माहीत नव्हतं का?" मी म्हणाले, "एका माणसाला माहीत होतं. त्याच्याकडे काठी होती." मुली हसल्या. तास संपला.

आव्वा गेली, मग आप्पा. आता आषाढात मी सांगलीहून जतची एसटी धरते आणि पुढे जीपने गावाला जाते. गुडघे दुखतात, म्हणून कुदळीऐवजी खुरपं नेते. माळाच्या वरच्या टोकाला एक सपाट खडक आहे, त्याच्या खालच्या अंगाला माती फार उथळ आहे आणि ते गवत तिथे नीट रुजत नाही. त्याचे जे काही कोंब कडेने सरकून आलेले असतात ते मी दिवसभर बसून काढते. तहसीलकडे जाणारे तरुण मोटरसायकल थांबवून विचारतात, "आजी, काय हरवलंय?" मी हात हलवते. संध्याकाळी उठायच्या आधी आप्पांची काठी तिथे रोवून बघते.

थाळी माझ्याकडे आहे. एका कडेला काळी आहे, घासून निघत नाही. मी त्यात जेवते.

माळावर सगळीकडे ते गवत आहे. खडकाच्या खालच्या अंगाला एक घोंगडी अंथरता येईल एवढ्या जागेत पवना आहे, आणि तिथे काठी आत जाते.